साखरेचा अंगरखा

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं, ही गोष्ट दुरून ऐकण्यातली नाही. मेलेल्यानं आपला अंगरखा जिवंताच्या अंगावर चढवला, आणि मग त्या जिवंताची लेकरं, नातवंडं, पतवंडं तोच अंगरखा घालून जन्माला आली, अशी ही गोष्ट. भुताखेतांची नव्हे बरं. भर दिवसा, काचेच्या नळीत, शहाण्यासुरत्या माणसांच्या समोर घडलेली. देवाची करणी अन् नारळात पाणी, असं म्हणून आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. पण ते पाणी कोणत्या वाटेनं आत गेलं हे विचारणारी माणसंही त्यानंच घडवली ना? त्यांतल्याच एकीची ही हकिकत.

गल्लीतली पोरं तिला जंतूताई म्हणायची. छातीच्या दवाखान्यामागे, चादरी वाळत घालायच्या तारा जिथे संपतात तिथे एक लांबट दगडी इमारत होती. तिथल्या प्रयोगशाळेत ती न्यूमोनियाचे जंतू वाढवायची. लोक कुत्री-मांजरं पाळतात, हिनं जंतू पाळले. त्यांना वेळेवर खायला घालायचं, ऊब द्यायची, गर्दी झाली की नव्या बशीत बिऱ्हाड हलवून द्यायचं. एखादी शेजारीण तिच्या हातचं काही घ्यायला बिचकली, तर ती हसून म्हणायची, "घ्या हो बिनधास्त. माझ्याइतके हात या गल्लीत कुणी धूत नाही."

घरात ती आणि मामा, दोघंच. मामा म्हणजे तिच्या आईचे सख्खे भाऊ. आईच्या माघारी त्यांनीच तिला वाढवलं, शिकवलं, आणि सूक्ष्मदर्शकाला पहिल्यांदा डोळा लावायला लावला. मामा स्वतः डॉक्टर. तरुणपणी त्याच दगडी इमारतीत संशोधन करायचे. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि समोर खांब आहे की माणूस हे ते आवाज ऐकून ठरवायचे. खांबानं उत्तर दिलं नाही की बाजूनं जायचे.

मामांनी तरुणपणी काय पाहिलं होतं ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

न्यूमोनियाच्या जंतूंच्या दोन तऱ्हा. एक तऱ्हा अंगावर साखरेचा जाड लेप घालून हिंडते. तो तिचा अंगरखा. बशीत वाढवली की तिचे ठिपके दवबिंदूंसारखे गुळगुळीत, चकाकते दिसतात. ही शरीरात शिरली की रक्तातले पहारेकरी तिला धरायला जातात आणि त्यांचे हात निसटतात. मग रोगी दगावतो. दुसऱ्या तऱ्हेच्या अंगावर लेप नाही. तिचे ठिपके कोरडे, खरबरीत. ही शरीरात शिरली की पहारेकरी चटकन मानगूट पकडतात. बिचारी निरुपद्रवी.

मामांनी गुळगुळीत जंतू तापवून मारले आणि उंदराला टोचले. उंदीर मजेत. खरबरीत जंतू जिवंतच टोचले. उंदीर मजेत. मग मेलेले गुळगुळीत आणि जिवंत खरबरीत एकत्र करून टोचले, आणि उंदीर मेला. मेला तर मेला, पण त्याच्या रक्तात काय सापडावं? जिवंत, चकाकते, गुळगुळीत जंतू! आणि त्यांची पोरंबाळंही गुळगुळीतच. जणू मेलेल्यांच्या मुडद्यांवरचे कपडे उचलून जिवंतांनी घातले. नुसते घातले नाहीत, कपडे शिवायची विद्याच उचलली आणि घराण्यात चालू ठेवली.

हे ऐकून लोक काय म्हणाले असतील? "भांडं नीट तापलं नसणार." एवढंच. मेलेल्यांत चार जिवंत राहिले असतील, तेच वाढले. मामा सांगत राहिले की नुसते मेलेले टोचले तर काही होत नाही, बशीत घातले तर काही उगवत नाही. कोण ऐकतो? 'मामांची भुतं' हा त्या इमारतीतला विनोद होऊन बसला. मामांनी एक दिवस पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि बाजारपेठेत दवाखाना थाटला. खोकल्याची, पोटदुखीची औषधं दिली, हजारोंचे आशीर्वाद घेतले. पण तो कोट काही मनाच्या खुंटीवरून उतरला नाही.

भाचीनं तेच काम पुढे धरलं होतं. उंदराची गरजच तिनं संपवली. मेलेल्या गुळगुळीत जंतूंचा अर्क आणि जिवंत खरबरीत जंतू, असे काचेच्या नळीत एकत्र ठेवायची. सोबत एक खास रक्तद्रव घालायची. तो खरबरीतांना ओळखून त्यांच्या मोळ्या बांधतो आणि तळाशी बसवतो. तेव्हा खेळ डोळ्यांना दिसायचा. कुणी बदललं नाही तर वर पाणी नितळ आणि तळाशी साका. बदललं तर अंगरखेवाले सुटतात, मनमुराद वाढतात, आणि सगळी नळी गढूळ होते. नितळ म्हणजे नाही, गढूळ म्हणजे हो. सगळ्या जगात गढूळ पाणी बघून आनंदणारी ती एकटीच बाई असेल.

एका सकाळी मोठे साहेब तिच्या टेबलापाशी आले. साहेब म्हणजे त्या इमारतीचे प्रमुख. एके काळी मामांच्या शेजारच्याच टेबलावर काम करायचे.

"बाई, नव्या विद्यार्थ्यांसाठी मी पाठांचं पुस्तक करतोय," ते म्हणाले. "त्यात एक प्रकरण चुकांचं आहे. तुमच्या मामांचा प्रयोग त्यात घालणार आहे. भांडं पुरेसं न तापवल्याचा नमुना म्हणून. तुम्हाला आधी कळलेलं बरं."

बाईच्या हातातली नळी हातातच राहिली. "साहेब, माझ्या नळ्यांत तेच घडतंय. रोज घडतंय."

"घडत असेल. पण घडवतं काय? मेलेल्याकडून जिवंताकडे गेलं काय नेमकं? ते हातात धरून दाखवा, म्हणजे मी पान फाडतो. नाहीतर छापखान्याला मजकूर जाईल."

"दाखवते," बाई म्हणाली. अशी म्हणाली की जणू कपाटातून काढून द्यायचंय.

पलीकडच्या टेबलावरून खोकल्याचा आवाज आला. ते प्रथिनबुवा. रसायनशास्त्रात मुरलेला माणूस. गोल चेहरा, गळ्यात बाराही महिने मफलर. त्यांचं म्हणणं ठाम होतं. वंशाचा वारसा वाहून नेणारा पदार्थ असलाच तर तो प्रथिन असणार, दुसऱ्या कुणाची ती प्राज्ञाच नाही. बाईचा संशय मात्र डीएनएवर, पेशीतल्या लांबच लांब धाग्यांवर होता.

"बाई, तुमचा तो डीएनए म्हणजे अगदीच साधाभोळा प्राणी हो," बुवा म्हणाले. "प्रथिनात वीस तऱ्हेचे मणी. तुमच्या डीएनएत मोजून चार. चार मण्यांत देव लिहिणार काय आणि आपण वाचणार काय?"

"तबल्याचे बोल तरी असे किती असतात, बुवा? तरी दोन मैफली कधी सारख्या झाल्यात का? मणी किती ते काय बघता, ओवलेत कसे ते बघा."

"ओवलेत ते तरी आधी दाखवा!"

"दाखवीनच. तुम्ही तेवढा मफलर सांभाळा, बशीत पडेल."

बाईचा भरवसा पोकळ नव्हता. ती मेलेल्या जंतूंचा अर्क पित्ताच्या क्षारांत विरघळवायची. मग क्लोरोफॉर्ममध्ये घुसळून घुसळून त्यातली प्रथिनं काढून टाकायची. साखर खाणारा रस घालून साखरेचा लेपही संपवायची. उरलेल्या पाण्यात वरून अलगद मद्यार्क ओतला की काय सुंदर दिसायचं! पांढरे, रेशमासारखे धागे उतरायचे. काचेची काडी फिरवली की चातीवर सूत भरावं तसे तिच्याभोवती गुंडाळले जायचे. ते धागे पुन्हा पाण्यात सोडून चिमूटभर खरबरीतांना दिले की नळी गढूळ! नुसते धागे बशीत घातले तर बशी कोरडी ठणठणीत, म्हणजे जिवंत तिथे कुणी नव्हतंच. ते धागे होते डीएनएचे.

बुवांची शंका एकच होती, पण बिनतोड. "त्या धाग्यांना कणभर प्रथिन चिकटलेलं असेल. सगळी करामत त्या कणाची."

"मग प्रथिनांचा फडशा पाडणारा पाचक रस त्यात घालू," बाई म्हणाली. "कण असेल तर मरेल आणि नळी नितळ राहील. कण नसेल तर नळी गढूळ."

"मान्य. एकदम मान्य."

तो रस बाईनं स्वतः केला. खाटकाकडून ताजं स्वादुपिंड आणलं, वाटलं, गाळलं, आणि कौतुकानं बुवांना दाखवलं. "बघा. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक यात टाकला की विरघळून जातो. आहे की नाही धार?"

धार होतीच. धाग्यांच्या पाण्यात तिनं तो रस घातला, उबेत ठेवला, मग खरबरीत जंतू सोडले. दुसऱ्या सकाळी साहेब, बुवा आणि ती, तिघंही नळ्यांच्या घोडीपुढे उभे राहिले. रस न घातलेली नळी गढूळ. रस घातलेली नितळ. खाली साका, वर आरशासारखं पाणी.

बुवांनाही आनंद झालेला दिसला नाही. जिंकून चेहरा पडलेला माणूस क्वचितच दिसतो. शेवटी साहेबच म्हणाले, "म्हणजे प्रथिनच. आणि प्रथिनच असेल तर बाई, तुमचे धागे गौण, आणि ते प्रथिन काही अजून तुमच्या हातात नाही. मामांच्या भांड्याचं पान मी सध्या आहे तिथेच ठेवतो. अजून काही दाखवायचं असेल तर छापखान्याचा माणूस येईपर्यंत सवड आहे."

दुपारी ती घरी आली तेव्हा मामा व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होते. पाऊल ऐकूनच त्यांना कळलं.

"फसलं वाटतं?"

"नळी नितळ आली, मामा."

मामांनी शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, टरफलही वाटीतच टाकलं. "खरं सांगू पोरी? लिहू दे त्याला. कदाचित माझंच भांडं कमी तापलं असेल. तेव्हा मी घाईचा होतो. माणूस एवढी वर्षं ऐकत राहिला की त्यालाही वाटायला लागतं."

ते वाक्य तिला साहेबांच्या पुस्तकापेक्षा जास्त लागलं. पुस्तकातलं पान काय, फाडता येतं. पण आयुष्यभर ज्या माणसानं "मी पाहिलंय" असं सांगितलं, त्यानंच आता स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडावा? आणि तोही डोळे गेल्यावर, पुन्हा बघायची सोय उरली नसताना?

"मामा, तुमचं भांडं तापलं होतं," ती ठणकावून म्हणाली. "चूक असली तर माझ्या नळीत आहे. शोधते."

"रस कसला घातलास?"

"स्वादुपिंडाचा. प्रथिनं खाणारा."

मामा एकदम हसले. दवाखान्यात रोग्याची नाडी सापडली की हसायचे तसे. "प्रथिनं खाणारा? आणि जनावर गवत खातं, त्यातलं पिठूळ कोण पचवतं? चरबी कोण पचवतं? अगं, स्वादुपिंड म्हणजे एका कामाला ठेवलेला नोकर आहे होय? तो घरगडी! भांडीही घासतो, केरही काढतो, पाणीही भरतो. मी जन्मभर पोटदुखीवर चूर्णं दिली, मला विचारायचंस. त्या रसात एकच कात्री आहे असं तुला कुणी सांगितलं?"

बाई ताडकन उठली. तिला नळी आठवली. नितळ नळी नव्हे, तिच्या आधीची. धाग्यांचं पाणी नेहमी कसं चिकट असायचं! काडी बुडवून वर उचलली की पाकासारखी तार यायची. पण रस घातलेल्या पाण्यात तिनं काडी फिरवली तेव्हा तार आली नव्हती. ते पाणी नळाच्या पाण्यासारखं टपटपलं होतं. तिनं ते पाहिलं होतं, आणि प्रथिनाच्या नादात तसंच पुढे गेली होती. काखेत कळसा, गावाला वळसा! धागेच तुटले होते. तिच्या रसात प्रथिनं कापणाऱ्या कात्रीबरोबर डीएनए कापणारी दुसरीही कात्री होती, आणि एकीच्या नावावर दुसरीनं काम उरकलं होतं.

ताट न वाढताच ती निघाली. मामा मागून ओरडले, "अगं, जेवून तरी जा! तुझ्या स्वादुपिंडाला काम नको का?"

बुवा आपल्या टेबलावर होते. तिनं त्यांच्यासमोर दोन वाट्या मांडल्या. दोन्हींत धाग्यांचं पाणी. एका वाटीत रसाचे थेंब सोडले, थोडा वेळ ऊब दिली, आणि बुवांच्या हातात काडी दिली.

"उचला."

बुवांनी पहिल्या वाटीतून काडी उचलली. लांब, लवलवती तार आली. दुसरीतून उचलली. थेंब. नुसता थेंब. त्यांनी पुन्हा बुडवली, पुन्हा उचलली. मफलर सैल केला.

"माझी चूक, बुवा," बाई म्हणाली. "माझ्या रसात दोन कात्र्या होत्या. मला एकच हवी होती."

आता इथे जरा थांबूया. बुवांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? नळी नितळ आली होती. साहेबांनी प्रथिनाच्या बाजूनं कौल दिला होता. पुस्तक छापखान्याच्या वाटेवर होतं. "बघा बाई, तुमचं तुम्ही निस्तरा," एवढं म्हणून खुर्ची फिरवली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. कित्येक भली माणसं अशा वेळी खुर्ची फिरवतात.

बुवा काडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला त्या दोन कात्र्या वेगळ्या करता यायच्या नाहीत. तुमचा तो हातखंडा नाही."

"माहीत आहे."

"मी प्रथिनांचा माणूस. आणि प्रथिन कापणारी कात्री हेही शेवटी प्रथिनच. तिचे स्फटिक पाडीन. एकदा पाडीन, विरघळवीन, परत पाडीन. चोळून चोळून असं घासून देतो की तिच्या अंगाला दुसरं काही राहणार नाही."

"बुवा, पण मग नळी गढूळ आली तर..."

"तर माझी हार, हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?" ते उखडले. "हरायचंच असेल तर स्वच्छ कात्रीनं हरीन. मळक्या कात्रीनं जिंकून मला झोप लागायची नाही. चला, त्या थंड खोलीची किल्ली द्या, आणि बाहेर पडलो की गरम चहा मिळेल असं बघा."

थंड खोलीत बुवा दिवसचे दिवस शिंकत बसले. भिंगातून स्फटिक बघायचे, नाक पुसायचे, नाक मुरडायचे, "अजून नाही," म्हणायचे आणि परत विरघळवायचे. बाई बाहेरून विचारायची, "झाली का हो घासून?" आतून उत्तर यायचं, "तुम्ही घरी कशी भांडी घासता देव जाणे!" पण काम झालं. स्फटिकांतून निघाली प्रथिनांची कात्री. ती अंड्याचा बलक चटकन विरघळवायची, पण धाग्यांच्या पाण्याची तार जशीच्या तशी. उरलेल्या गाळातून बुवांनी दुसरी कात्रीही सोडवून घेतली. ती बलकाला शिवायचीसुद्धा नाही, पण तार मात्र क्षणात तोडायची. एकीला एक येतं, दुसरीला दुसरं. आता कुणी कुणाच्या नावावर काम उरकण्याची सोय राहिली नाही.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी बाईनं मामांना सोबत नेलं. मामा नको नको म्हणत होते. "मी येऊन काय बघणार? मला सगळ्याच नळ्या गढूळ दिसतात! तुझा प्रयोग जन्मभर यशस्वी!"

तरी आले. दाराशी त्यांनी सवयीनं हात वर केला, तर तिथे खुंटी तीच. त्यांनी ती नुसती चाचपली आणि आत गेले.

साहेब वाट बघत होते. त्यांनी आदल्या दिवशी नळ्या स्वतः भरून घेतल्या होत्या, आणि कोणत्या नळीत काय आहे हे कुणाला कळू नये म्हणून गळ्याशी रंगीत दोरे बांधले होते. दोऱ्यांचा अर्थ एकट्या साहेबांना ठाऊक.

"या वैद्यराज," साहेब म्हणाले. "पोटदुखीचे रोगी आज कुणाच्या भरवशावर?"

"तुझ्या. तुझं पोट दुखायला लागलं की बोलाव," मामा म्हणाले. "केस पांढरे झाले असतील ना रे तुझे? मला दिसत नाहीत हे तुझं नशीब."

साहेब हसले, पण लगेच गंभीर झाले. बाईनं नळ्यांची घोडी उबेच्या कपाटातून काढली आणि खिडकीच्या कठड्यावर, उजेडात ठेवली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी हात वर केला.

"तू सांगू नकोस पोरी. तू माझी आहेस. तू गढूळ म्हणालीस तर माझं मन म्हणेल, भाचीची माया. याच्यावरही माझा भरवसा नाही, हा माझा जुना दोस्त आणि जुना शत्रू. इथे ते बुवा आहेत ना? ज्यांना आपलं म्हणणं नको आहे, ते? त्यांना सांगू दे."

बुवा पुढे आले. मफलरचं टोक खोचलं, वाकले, आणि प्रत्येक नळीआड हातातली काळी पट्टी धरून बघू लागले.

"पांढरा दोरा," बुवा म्हणाले. "नितळ. तळाशी साका."

"त्यात नुसते खरबरीत आहेत," साहेब म्हणाले. "काहीच दिलेलं नाही. बरोबर."

"पिवळा दोरा. गढूळ. वरपासून खालपर्यंत."

"नुसते धागे. बरोबर."

"हिरवा दोरा..." बुवा वाकूनच राहिले. "नितळ आहे. साका आहे."

साहेबांनी हिरव्याचा अर्थ राखून ठेवला. "पुढची सांगा."

आता एकच नळी उरली होती. बुवांनी ती घोडीतून उचलली, खिडकीकडे धरली, हलकेच फिरवली. ती उरलेल्या कात्रीची असणार हे त्यांना कळून चुकलं होतं. दोऱ्याचा अर्थ माहीत नसला तरी हिशोब सोपा होता. दोन कात्र्यांपैकी एकीनं सगळं थांबवलं होतं, आणि आता दुसरी काय म्हणते ते त्यांच्या हातात होतं. बाई त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती. नळीची खात्री तिला आधीपासून होतीच, बुवांची खात्री तिला थंड खोलीच्या दारात पटली होती.

"लाल दोरा," बुवा मोठ्यानं म्हणाले. "गढूळ. चांगली दाट गढूळ आहे, मामा."

आजवर ते मामांना डॉक्टरसाहेब म्हणत आले होते. तोंडातून मामा कधी निघालं, त्यांनाही कळलं नाही.

"लाल म्हणजे प्रथिनांची कात्री," साहेब सावकाश म्हणाले. "प्रथिनं सगळी कापली, तरी काम झालं. हिरवा म्हणजे डीएनएची कात्री. बलकाला न शिवणारी. फक्त धागे तोडले, आणि काम बंद."

"म्हणजे धागेच," बाई म्हणाली. "मेलेल्याकडून जिवंताकडे गेले ते धागेच."

"धागेच," बुवा म्हणाले, आणि जोरात शिंकले.

बाईनं नुसत्या धाग्यांच्या आधीच्या एका गढूळ नळीतला थेंब बशीत पसरून वाढवून ठेवला होता. झाकण तसंच ठेवून ती बशी तिनं खिडकीच्या तिरप्या उन्हात धरली. मामांनी मान वाकडी केली. मोतीबिंदूच्या धुक्यापलीकडे त्यांना ठिपके काही दिसले नाहीत, पण काहीतरी लुकलुकलं.

"चकाकतंय का रे बुवा? की मला नुसतं ऊन दिसतंय?"

"चकाकतंय मामा. गुळगुळीत. आणि कपडे कुणाचे तेही तपासलंय मी. साखरेचा अंगरखा घराण्यागणिक वेगळा असतो, आणि खरबरीत ज्या घराण्याचे होते त्या घराण्याचे हे नव्हेत. मेलेल्यांच्या घराण्याचे. स्वतःचे जुने कपडे ट्रंकेतून काढून घातले, असं म्हणायची सोय नाही."

"मग माझं भांडं..."

"तापलं होतं," बुवा म्हणाले. "चांगलं तापलं होतं."

मामा खाली बसले. स्टूल कुठे आहे हे त्यांना न चाचपता ठाऊक होतं, एवढ्या वर्षांनीही ते तिथेच होतं. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनाही पाणी तेवढंच येतं.

साहेबांनी घसा साफ केला. "ते पान मी काढतो. तुझा प्रयोग पहिल्या पाठात जाईल."

"मग चुकांच्या प्रकरणात खड्डा पडेल की रे," मामा म्हणाले. "तिथे काय घालशील? तुझा फोटो?"

"माझा रस घाला, साहेब," बाई म्हणाली. "एका रसात एकच कात्री असते असं समजल्याचा नमुना. आणि तार तुटलेली बघूनही न बघितल्याचा. पोरांच्या फार उपयोगाचा आहे."

तसं झालंही. पहिल्या पाठात मामा आणि चुकांच्या प्रकरणात भाची, असं ते पुस्तक निघालं. पुढे कधीतरी कळलं की जगात दूरदूरची माणसं याच प्रश्नाच्या मागे होती, कुणी आधी, कुणी नंतर. कुणाला उंदरानं सांगितलं, कुणाला नळीनं. बाईला त्याचं वैषम्य वाटलं नाही. अनेक जण एकच पद गायले म्हणून ते पद कमी होतं का? घरी आल्यावर मामांनी तिला ताटावर बसवलं आणि समोर बसून पुन्हा पुन्हा तेच विचारलं, "दाट गढूळ म्हणाला ना गं? नुसतं गढूळ नव्हे?" आणि ती प्रत्येक वेळी घास थांबवून सांगायची, "दाट, मामा. चांगली दाट."

तर मंडळी, मामांची आठवण तुम्ही ठेवालच, ते पहिल्या पाठात आहेत. बाईचीही राहील, तिची चूक छापली गेली आहे. पण त्या पुस्तकात ज्याला जागा मिळाली नाही, त्या मफलरवाल्या माणसाला विसरू नका. आपलंच म्हणणं कापलं जाणार हे ठाऊक असताना, थंड खोलीत शिंकत बसून, ती कात्री त्यानं स्वतःच्या हातानं घासून दिली, आणि नळी उजेडात धरून खरं तेच मोठ्यानं सांगितलं. हात जोडताना एक क्षण त्याच्यासाठीही जोडा. प्रथिनबुवांची आठवण असू द्या.